सोंडेचा एसी

डेल्फिना मोंतिहोचं उभं आयुष्य वाफेत गेलं. फिनिक्समधल्या एका बड्या हॉटेलच्या तळघरात धुलाईची जागा होती. ओल्या चादरी तापलेल्या रुळांमधून सारायच्या आणि पलीकडून निघाल्या की दोघींनी चार टोकं धरून घड्या घालायच्या, हे तिचं काम. संध्याकाळी सुटून बाहेर आली की रस्त्यावरची भट्टी तोंडावर यायची, आणि ती मैत्रिणींना म्हणायची, "चला, जरा मोकळ्या हवेत आलो." मैत्रिणी हसायच्या. ती मात्र ते मनापासून म्हणायची. उन्हाला घाबरायचं असतं हे तिला फार उशिरा कळलं.

नवरा आन्सेल्मो तरुणपणी संत्र्यांच्या बागांना पाणी सोडायचा. बागा गेल्या, तिथं घरं उठली, मग तो एका शाळेत झाडलोट आणि दुरुस्तीच्या कामाला लागला. दोघांनी मिळून चाकांवरच्या घरांच्या एका वसाहतीत, ज्याला सगळे पार्क म्हणत, एक लांबट पत्र्याचं घर घेतलं. चाकं काढून विटांच्या ठोकळ्यांवर बसवलेलं. घर त्यांचं, खालची जमीन पार्कवाल्यांची, दर महिन्याला तिचं भाडं. अशी शेकडो घरं तिथं एकाला एक लागून उभी होती, आणि बहुतेकांच्या डोक्यावर एकेक कूलर बसलेला होता.

आन्सेल्मोचा त्या कूलरवर जीव होता. दर एप्रिलमध्ये तो शिडी लावून छतावर चढायचा, गवताच्या जुन्या ताट्या काढून नव्या भरायचा, तळात साचलेला क्षार व्हिनेगर ओतून खरवडायचा, पंखा फिरवणाऱ्या मोटारीला तेल द्यायचा. पहिली ओलसर झुळूक खाली स्वयंपाकघरात उतरली की वरून ओरडून विचारायचा, "आली का गं?"

"आली," ती तव्यावरची पोळी उलटता उलटता म्हणायची.

मुलगी ग्रासिएला लग्न होऊन आल्बुकर्कीला गेली. तिच्या घरी एसी. ती आली की कुरकुर करायची, "बाबा, आता तरी एसी घ्या."

"डब्यातली हवा ती," आन्सेल्मो म्हणायचा. "दारं-खिडक्या लावायच्या आणि आपणच सोडलेला श्वास आपणच परत ओढायचा. कूलरला खिडकी उघडी लागते. बाहेरचं सगळं ऐकू येतं. कोण आलं, कोण गेलं, कुणाचं भांडण जुंपलंय."

"आणि जुलै लागला की घरभर भिजलेल्या कुत्र्याचा वास," डेल्फिना आतून म्हणायची.

"तो वास माझा आहे, म्हातारे. कूलरला बोल लावू नकोस."

जुलैचं ती म्हणायची ते मात्र खरं होतं. कोरड्या दिवसांत कूलर स्वर्ग. दक्षिणेकडून दमट ढग यायला लागले की ताट्यांमधलं पाणी हवेत मुरायला तयार होत नाही, आणि मग घरात नुसती ओल फिरत राहते. पूर्वी ते दिवस थोडे असत. फरशी पुसून त्यावर आडवं पडलं की निभायचं. पुढंपुढं उन्हाळे असे व्हायला लागले की दुपारी दाराच्या कडीला हात लावायचा तर फडकं घ्यावं लागे. तरी आन्सेल्मो होता, शिडी होती, आणि ज्याला त्याला आपलं घर आपल्याला माहीत असतं असं वाटतं, तसं त्यांनाही वाटत होतं.

मग एका वसंतात आन्सेल्मोला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा जवळजवळ गेली. चार-पाच शब्द उरले, तेही घशात घोळवून बाहेर काढावे लागत. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी डेल्फिनाला बाजूला घेतलं. "यांना गार ठेवायचं. या गोळ्यांनी अंगातलं पाणी कमी होतं, घाम नीट येणार नाही. तहान लागली तरी सांगता येणार नाही. घरात एसी आहे ना?"

"कूलर आहे."

"कूलरवर उन्हाळा काढता येणार नाही, मोंतिहोबाई. एसी बघा."

आयुष्यात पहिल्यांदा डेल्फिनाला एसी निवडायचा होता. आतापर्यंत घरातली प्रत्येक मशीन आन्सेल्मोने निवडली होती. तो दुकानात जाऊन मागचं झाकण उघडून बघायचा, दुकानदाराला चार प्रश्न विचारून भंडावून सोडायचा. आता तो पलंगावर पडून डाव्या हाताने चादर चाचपत होता.

ग्रासिएला फोनवर म्हणाली, "आई, भिंतीवरचा स्प्लिट घे. आवाज नाही, वीजही कमी खातो. पैशांचं आम्ही बघतो."

डेल्फिनाने वीजवाला बोलावला. त्याने घराबाहेरची पेटी उघडली आणि मान हलवली. जुनी वायर, जुनी पेटी. स्प्लिट लावायचा तर पार्काच्या खांबापासून जाड तार ओढावी लागेल, त्याला पार्काच्या ऑफिसची परवानगी हवी. छतावर अख्ख्या घराचा एसी बसवण्याचं विचारलं, तर त्याने शिडीवरून छत दाबून पाहिलं. पत्रा बोटाखाली दबत होता. "कूलर कसाबसा पेललाय याने. एवढं वजन ठेवलं तर ते तुमच्या ताटात येऊन पडेल."

राहिला खिडकीचा एसी. साध्या प्लगवर चालणारा, अर्धा आत, अर्धा बाहेर. बाहेरची गरमी बाहेर टाकतो, पाणीही बाहेर गाळतो. वीजवाल्यालाही तोच बरा वाटला. पण शेजारच्या लोरीनने आदल्या वर्षी असा एसी बसवला होता. लोरीन नेब्रास्काहून आलेली, उंच, फटकळ, विधवा. आठवड्याच्या आत ऑफिसने तिच्या दारावर कागद चिकटवला: खिडकीतून बाहेर डोकावणारी मशीन रस्त्यावरून दिसते, पार्काची शोभा जाते, काढा, नाहीतर जागा सोडा. लोरीनने काढला, आणि त्या दिवसापासून ऑफिसातल्या मॅनेजरबाईंचं नाव काढलं की तिच्या तोंडाला धरबंद राहत नसे.

"तू विचारून तर बघ," लोरीन म्हणाली. "तुझा माणूस आजारी आहे."

डेल्फिनाने हो म्हटलं. दोनदा ऑफिसच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. आन्सेल्मोचं एक ठाम मत होतं: ऑफिसला आपलं नाव माहीत नसलेलं बरं. भाडं वेळेवर द्यायचं, अंगण झाडून ठेवायचं, आणि कुणाच्या डोळ्यावर यायचं नाही. तिच्या आईवडिलांचंही हेच होतं. विचारायला गेलं की कुणीतरी फाईल उघडतं. फाईल उघडली की ओटीची परवानगी होती का, मागची शेड कुणी बांधली, हे निघतं. आणि जागा सोडा म्हणाले तर विटांवरचं ते घर उचलून न्यायचं कुठं? हललं तर ते मोडूनच पडलं असतं. तिसऱ्यांदा ती गेलीच नाही.

ती दुकानात गेली. तिथं एसींची रांग होती, आणि एक चष्मेवाला विक्रेता तिच्याकडे आला. माणूस भला होता. त्याने खोली केवढी विचारली, तिने हात पसरून आपल्या वावांत सांगितली. खिडक्या कुठल्या दिशेला, भिंती कसल्या, वर काय, हेही त्याने विचारलं. पश्चिमेची खिडकी आणि पत्र्याचं छत ऐकल्यावर तो म्हणाला, "मग खोलीच्या मापाला जो पुरतो त्याच्याहून मोठा घ्या. आणि खिडकीचाच घ्या."

"खिडकीचा चालत नाही आमच्याकडे. तो चाकांचा कसा आहे?"

कोपऱ्यात तो उभा होता. कमरेइतका उंच, पांढरा, पाठीमागून एक जाड सोंड निघालेली. सोंडेचं टोक खिडकीच्या फटीत बसवायचं. बाहेरून पाहिलं तर एक पट्टी तेवढी दिसते.

"खरं सांगू का," विक्रेता म्हणाला, "दुसरं काहीच जमत नसेल तेव्हा हा घ्यायचा. हा गरमी सोंडेतून बाहेर फेकतो, पण फेकायला हवा घेतो ती तुमच्याच खोलीतली. तेवढी हवा मग फटींमधून बाहेरून आत येते. गार करायचं आणि गरम आत ओढायचं, दोन्ही एकदमच. शिवाय पाणी. हवेतली ओल खाली टाकीत साचते. टाकी भरली की मशीन आपोआप बंद पडते. लाल दिवा लागतो. टाकी रिकामी करेपर्यंत सुरू होत नाही."

डेल्फिनाला सगळं समजलं. धुलाईघरात वाफ बाहेर ओढणारा मोठा पंखा होता. तो सुरू केला की दाराखालून रस्त्यावरचा फुफाटा आत यायचा. तोच प्रकार. तिने मान हलवली आणि तोच एसी घेतला.

सुरुवातीला बरं चाललं. झोपायची खोली बंद केली, पश्चिमेच्या खिडकीला घोंगडी ठोकली, फटींत जुने टॉवेल कोंबले. जून कोरडा असतो. टाकीत पाणी फारसं साचत नसे. मशीनची घरघर एवढी, की खोलीतल्या खोलीत मोठ्याने बोलावं लागे. ती आन्सेल्मोला ओट्सची पेज भरवायची, कधी पातळ केलेल्या घेवड्याच्या डाळीत पोळी कुस्करून. त्याच्या कपाळाला हात लावून बघायची. कपाळ गार असायचं. हाताला तेवढं लागलं की तिला दिवस निभल्यासारखा वाटे.

त्याला मात्र ती बंद खोली सोसत नव्हती. उरलेल्या शब्दांतला एक शब्द होता "खिडकी". दिवसातून कितीदा तरी तो डावा हात उचलून भिंतीकडे दाखवायचा. "खिडकी."

"उघडता येत नाही रे, म्हाताऱ्या. गार हवा जाईल सगळी."

"खिडकी."

"तुझ्या कूलरची गोष्ट वेगळी होती. हा बंद खोलीतच चालतो."

मग तो तोंड भिंतीकडे फिरवायचा. ती पाठीमागून त्याच्या मानेकडे बघत बसायची. एकदा तिला राहवलं नाही. तिने घोंगडीचा कोपरा वर करून बोटभर फट ठेवली. बाहेर कुणीतरी गाडीचं इंजिन दुरुस्त करत होतं, दोन बायका कोंबडीवरून वाद घालत होत्या. आन्सेल्मो डोळे मिटून ऐकत राहिला. थोड्याच वेळात खोली तापायला लागली आणि तिने फट बंद केली. त्या क्षणी त्याने तिच्याकडे जसं पाहिलं, ते ती नंतर कुणालाच सांगू शकली नाही.

जुलै लागला आणि ढग आले. बाकीच्या घरात ती कूलर चालवायची, नाहीतर स्वयंपाकघरात पाय ठेववत नसे. कूलरची ओल दाराखालून खोलीत यायची, कारण सोंडेचा एसी आत हवा ओढतच होता. आता टाकी भराभर भरायला लागली. मशीनच्या तळाशी, घोट्याच्या उंचीवर, एक बूच होतं. ते काढून खाली केकचं पसरट भांडं धरायचं, भांडं मोरीत रिकामं करायचं, परत धरायचं. गुडघे दुखायचे. बुचाला नळी लावून पाणी बाहेर सोडायची सोय होती, पण त्यासाठी भिंतीला खाली भोक पाडावं लागलं असतं, आणि ते बाहेरून दिसलं असतं. कधी ती पाठीमागे ओट्याशी असताना घरघर अचानक थांबायची. हातातलं टाकून ती धावायची.

लोरीन म्हणाली, "कूलर बंद ठेव. एक ओल ओततो, दुसरा ती पिळून काढतो. दोघांच्या मध्ये तू मरतेस."

"कूलर बंद केला तर बाकीचं घर तापेल. तीच गरमी खोलीत येईल."

त्या घरात, त्या मशीनवर, बरोबर असं काही उरलंच नव्हतं.

त्या दिवशी रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या. एरवी तिला बाहेर जायचं असलं की लोरीन येऊन बसायची. त्या दिवशी लोरीन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. औषधाचं दुकान बसने जवळच. डेल्फिनाने टाकी रिकामी केली, आन्सेल्मोला स्ट्रॉने पाणी पाजलं, ओला रुमाल कपाळावर ठेवला. "लगेच येते," म्हणाली. त्याने डोळे मिटून उघडले. त्याचा होकार तसाच असायचा.

दुकानात गोळ्या तयार नव्हत्या. डॉक्टरांकडून मंजुरी यायची होती. बसा म्हणाले, ती बसली. उठावं की थांबावं हे ठरवता ठरवता वेळ गेला. बाहेर आली तेव्हा दक्षिणेला धुळीची भिंत उभी होती. तपकिरी, आभाळाला टेकलेली. पाहता पाहता ती शहरावर आली. दिवसाढवळ्या गाड्यांचे दिवे लागले, बस थांबल्या. डेल्फिना थांब्याच्या आडोशाला ब्लाऊजची कॉलर नाकावर ओढून उभी होती. धूळ बसली तशी तिच्यामागून जड, ओली हवा आली. पाऊस पडला नाहीच. नुसती हवा पाण्याने फुगली. तिला मनातल्या मनात टाकी भरताना दिसत होती. ती चालायला लागली. त्या वयात, त्या उन्हात, तिने अर्धा रस्ता चालून काढला, मग मागून बस आली.

दार उघडलं तेव्हाच कळलं. घरात घरघर नव्हती.

खोलीत लाल दिवा जळत होता. बंद केलेल्या खिडकीमागून, ठोकलेल्या घोंगडीमागून, पश्चिमेचं ऊन पत्र्यावर बसलेलं होतं, आणि खोली रोट्या भाजायच्या भट्टीसारखी तापली होती. आन्सेल्मोचे डोळे अर्धवट उघडे होते. कपाळ कोरडं, हात लावताच चटका बसावा असं. त्याने घोंगडीकडे डावा हात नेला होता. तो हात तिथंच, भिंतीला टेकून राहिला होता.

तिने घोंगडी ओरबाडून काढली, खिडकी उघडली. बाहेरून आणखी गरम झोत आला. तिने फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली, चादरी मोरीत भिजवून त्याच्यावर टाकल्या, पुन्हा भिजवल्या, पुन्हा टाकल्या. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा ती गुडघे टेकून टाकीचं बूच काढत होती. पाणी फरशीवर पसरत होतं आणि तिला ते थांबवायचं भान नव्हतं.

"खोलीत एसी आहे ना, आजी?" स्ट्रेचर आत घेता घेता एकाने विचारलं.

"आहे."

"मग?"

तिने लाल दिव्याकडे बोट दाखवलं. त्याला काही कळलं नाही, वेळही नव्हता.

इस्पितळात त्याला बर्फाच्या पिशव्यांत ठेवलं. ताप उतरला, पण मूत्रपिंडं परत चालू झाली नाहीत. ग्रासिएला रात्रभर गाडी चालवून आली. आन्सेल्मो शुद्धीवर आलाच नाही, आणि आठवडा संपायच्या आत गेला. इस्पितळाच्या खोलीतला एसी उत्तम होता. ग्रासिएलाला त्या थंडीत हुडहुडी भरली होती.

आन्सेल्मोला पुरून घरी आल्यावर पार्काच्या मॅनेजर शेरिलबाई मॅकरोनीचं झाकलेलं भांडं घेऊन दारात आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं दुःख खोटं नव्हतं. ओट्यावर भांडं ठेवून त्या म्हणाल्या, "मला आत्ता कळलं, कसं झालं ते. तुम्ही मला एकदा का नाही सांगितलंत? आजारी माणसासाठी आम्ही खिडकीचा चालवून घेतो. डॉक्टरांनी दोन ओळी लिहून दिल्या की झालं. तीन घरांत चालू दिलाय आपण."

लोरीन कोपऱ्यात बसली होती. "हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

"तुम्ही आजारी नव्हता, लोरीन."

"म्हणजे आजारी पडायचं आणि मग विचारायचं? कुठं लिहिलंय हे?"

"लिहिलेलं नाही. पण कुणी विचारलं तर मी नाही म्हणत नाही."

ग्रासिएलाने आईकडे पाहिलं. डेल्फिना ओट्यावरच्या भांड्याचं झाकण नीट बसवत होती. ते आधीच नीट बसलेलं होतं.

शेरिलबाई गेल्यावर ग्रासिएला हळूच म्हणाली, "आई, तू गेली होतीस ना विचारायला? फोनवर म्हणाली होतीस."

"दारापर्यंत गेले होते."

ग्रासिएलाला काय बोलावं हे कळत होतं, पण ते बोलून उपयोग नव्हता, हेही कळत होतं. तिने उठून आईच्या पाठीवर हात ठेवला. डेल्फिनाला तो हात नको होता. तिला मुलीने ओरडायला हवं होतं.

त्या महिन्यात ग्रासिएलाच्या नवऱ्याने सगळं मार्गी लावलं. खांबापासून जाड तार आली, नवी पेटी आली, आणि झोपायच्या खोलीत भिंतीवर स्प्लिट बसला. बाहेरची पेटी रस्त्यावरून दिसत होती. कुणी काही म्हटलं नाही. सोंडेचा एसी ग्रासिएला चर्चला द्यायला निघाली, तेव्हा डेल्फिना दारात आडवी उभी राहिली. "दुसऱ्याच्या घरात नको," एवढंच म्हणाली. मग तो कचऱ्याच्या गाडीत गेला.

स्प्लिटचा आवाज येत नाही. खिडकी बंद ठेवली की खोली गार राहते आणि पाणी आपल्या आपण नळीतून बाहेर जातं. डेल्फिना तिथं फार वेळ बसत नाही. बरीचशी ओट्यापाशी, नाहीतर बाहेरच्या पायरीवर बसते. ऊन वर आलं की लोरीन येऊन तिला रागावते आणि दंडाला धरून आत नेते.

पुढच्या वर्षी खिडकीच्या एसीची मनाई उठल्याची पाटी ऑफिसबाहेर लागली. लोरीन त्याच दिवशी आली. "चल माझ्याबरोबर दुकानात. मला त्यातलं काही कळत नाही."

डेल्फिना गेली. विक्रेता वेगळा होता. लोरीन रंगावर अडली होती. डेल्फिनाने तिला बाजूला केलं आणि एकेक विचारायला लागली: गरमी कुठून बाहेर जाते, फेकायला हवा कुठली घेतो, पाणी कुठं जातं, पाण्याची वाट तुंबली तर मशीन थांबते की चालू राहते, पत्र्याच्या छताखाली पश्चिमेच्या खोलीला एवढा पुरेल का, लोरीनच्या जुन्या वायरीवर चालेल का. विक्रेता एकेकाचं उत्तर देत गेला आणि शेवटी एकावर हात ठेवून थांबला. डेल्फिनाने मागचं झाकण उघडायला लावलं, आत पाहिलं, आणि मान हलवली.

बसच्या थांब्यावर लोरीन म्हणाली, "तुला केवढं कळतं गं यातलं."

"तेव्हाही कळत होतं," डेल्फिना म्हणाली. "त्याने सगळं सांगितलं होतं मला. मी ऐकलं, आणि तोच घेतला."

लोरीनने तिचा हात धरला. बस यायला वेळ होता. थांब्यावर सावली नव्हती, आणि दोघी तशाच उन्हात उभ्या राहिल्या.